ल शांबोंची मंडळी

फ्रान्स देशाच्या मध्यभागीं जो विस्तीर्ण डोंगराळ प्रदेश आहे, त्याच्या पूर्वेकडील कडेस सुमारें १००० मीटर उंचीचें एक पठार आहे. लिन्यों नांवाची लहानशी नदी त्या पठारावरून वाहत जाते व पुढें ल्वार या मोठ्या नदीच्या खोऱ्यांत उतरते. या लिन्योंच्या कांठीं ल शांबों नांवाचें गांव वसलें आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं गांव आणि भोंवतालच्या वाड्या मिळून तेथील वस्ती तीनेक हजारांची होती. जमीन कसाची नाहीं. बटाटे, हलकें धान्य, थोडीं गुरें आणि पाइनचें जंगल यांवर लोकांचा निर्वाह चाले. हिंवाळा लांब आणि कडक. बर्फ घेऊन येणाऱ्या तेथील वाऱ्यास लोकांनीं 'ब्युर्ल' असें स्वतंत्र नांव देऊन ठेविलें आहे. घरें ग्रॅनाइटच्या जाड भिंतींचीं, खिडक्या लहान, माणसें, गुरें आणि वैरण हीं सारीं एकाच छपराखालीं. एका घरापासून दुसरें घर दूर, आणि मध्यें जंगल. श्रोत्यांनीं हें चित्र डोळ्यांपुढें ठेवावें, कारण पुढील हकीकतीशीं या घरांचा व या जंगलाचा निकटचा संबंध आहे.

या गांवांत एक प्रॉटेस्टंट मंडळी आहे. मंडळी हा शब्द येथें मराठी ख्रिस्ती समाजांत ज्या अर्थानें रूढ आहे त्या अर्थानें घ्यावयाचा: एका प्रार्थनामंदिराभोंवतीं जमणारा, आपला पाळक व आपले पंच राखून असणारा आणि एकमेकांचीं लग्नें व मरणें एकत्र पाहणारा श्रद्धावंतांचा समुदाय. तिचें मंदिर साधें व दगडी आहे. आंत मूर्ति नाहीं, चित्र नाहीं. दारावर मात्र एक वचन कोरलें आहे आणि तें एकमेकांवर प्रीति करावी या ख्रिस्ताच्या आज्ञेचें आहे. अशीं वचनें जगांतील हजारों दारांवर कोरलेलीं असतील. परंतु १९४० ते १९४४ या चार वर्षांत, ज्या फ्रान्समधून सुमारें ७६,००० ज्यू मरणछावण्यांकडे धाडले गेले, त्याच फ्रान्समधल्या या पठारावर हजारों परक्या माणसांस लोकांनीं आपल्या घरीं ठेवून घेतलें व वांचविलें. असें येथेंच कां घडलें? या प्रश्नाचें उत्तर १९४० सालांत शोधून सांपडत नाहीं. त्यासाठीं चारशें वर्षें मागें जावें लागतें.

सोळाव्या शतकांत युरोपांत जी धर्मसुधारणेची लाट उसळली, ती या पठारावरही पोहोंचली. येथील शेतकऱ्यांनीं जॉन कॅल्व्हिनच्या शिकवणुकीचा पंथ स्वीकारला. फ्रान्समध्यें या पंथाच्या लोकांस ह्यूगनॉट म्हणत. रोमन कॅथोलिक आणि ह्यूगनॉट यांच्यामध्यें अनेक वर्षें रक्तपात झाला आणि अखेर १५९८ मध्यें चौथ्या हेन्री राजानें नांत येथील प्रसिद्ध फर्मान काढून ह्यूगनॉटांस मर्यादित स्वरूपाचें धर्मस्वातंत्र्य दिलें. तें कसेंबसें सत्त्याऐंशी वर्षें टिकलें. १६८५ च्या ऑक्टोबरांत चौदाव्या लुईनें तें फर्मान रद्द केलें. प्रॉटेस्टंट मंदिरें पाडण्याचा हुकूम सुटला. पाळकांनीं पंधरा दिवसांत धर्म सोडावा किंवा देश सोडावा असें ठरलें. सामान्य लोकांस मात्र देश सोडण्याचीही मुभा नव्हती. पळतांना सांपडलेल्या पुरुषास जहाजांवर साखळदंडांत वल्हीं मारण्यासाठीं धाडीत. असें असूनही सुमारें दोन लाख माणसें सरहद्दी ओलांडून जिनीव्हा, हॉलंड, जर्मनी, इंग्लंड अशा ठिकाणीं निघून गेलीं. जे मागें राहिले ते बाहेरून कॅथोलिक आणि आंतून प्रॉटेस्टंट असे जगूं लागले.

फ्रेंच प्रॉटेस्टंट लोक पुढच्या शंभर वर्षांच्या काळास 'अरण्यवासाचा काळ' म्हणतात. इस्राएल लोक मिसर देशांतून सुटल्यावर रानांत भटकले, त्या कथेवरून हें नांव पडलें. उपासनेसाठीं लोक रात्रीं जंगलांत, दरींत किंवा एखाद्या एकाकी गोठ्यांत जमत. उंचवट्यावर पहारेकरी उभे असत. उपदेशकाचें व्यासपीठ घडी घालून नेतां येईल असें असे. स्तोत्रांचीं पुस्तकें इतकीं लहान छापीत कीं बायका तीं केसांच्या अंबाड्यांत लपवीत. प्रभुभोजनास बसणाऱ्यांना शिशाचें एक लहानसें नाणें दाखवावें लागे. तें मंडळीचे पंच आधीं ओळख पटवून देत. घरांतील मुलांना लहानपणींच शिकविलें जाई कीं रात्रीं कोण आला, कोठें निजला आणि पहाटे कोणत्या वाटेनें गेला, हें कोणासही सांगावयाचें नाहीं. फिरता पाळक पकडला गेला तर त्यास फांशी, आणि त्यास आसरा देणाऱ्याचें घर जमीनदोस्त. तरीही आसरा मिळत राहिला. पठारावरील घराघरांत अशी एक विद्या पिढ्यान् पिढ्या मुरत गेली, जी कोणत्याही शाळेंत शिकवितां येत नाहीं. ती म्हणजे माणूस लपविण्याची आणि गप्प राहण्याची विद्या.

या काळांतील एका स्त्रीचें नांव तेथील प्रॉटेस्टंट घरांत आजही आदरानें घेतलें जातें. मारी द्युरां ही शेजारच्याच व्हिव्हारे प्रांतांतली. तिचा भाऊ प्येर हा गुप्तपणें फिरणारा पाळक होता. भावाच्या अपराधाबद्दल १७३० मध्यें या तरुण मुलीस पकडण्यांत आलें आणि भूमध्य समुद्राजवळच्या एग-मॉर्त गांवीं कॉन्स्तांस नांवाच्या बुरुजांत डांबण्यांत आलें. १७३२ मध्यें भावास मॉंपेलिये येथें फांशी देण्यांत आली. मारीस सुटका हवी असती तर आपला धर्म सोडतें एवढेंच तिनें म्हणावयाचें होतें. तें तिनें म्हटलें नाहीं. ३८ वर्षांनीं, १७६८ मध्यें, म्हातारी होऊन ती बाहेर आली. त्या बुरुजांतील एका दगडावर 'विरोध करा' अशा अर्थाचा एकच फ्रेंच शब्द कोरलेला आहे आणि तो तिनेंच कोरला अशी परंपरा आहे. ल शांबोंच्या मंडळींतील मुलें ही कथा रविवारच्या शाळेंत ऐकत वाढलीं.

१७८७ मध्यें सोळाव्या लुईनें प्रॉटेस्टंटांचे जन्म, विवाह व मृत्यु सरकारदप्तरीं नोंदविण्याची परवानगी दिली. तोपर्यंत त्यांचे विवाह कायद्यानें विवाहच नव्हते आणि मुलें अनौरस गणलीं जात. दोन वर्षांनीं राज्यक्रांति झाली आणि धर्मस्वातंत्र्य जाहीर झालें. एकोणिसाव्या शतकांत ल शांबोंचें मंदिर पुन्हां उभें राहिलें. त्यानंतरचा शंभर वर्षांचा इतिहास लहान गांवाच्या कोणत्याही मंडळीसारखा साधा आहे: बाप्तिस्मे, लग्नें, वर्गणी, पाळकांच्या बदल्या. त्यांत एक गोष्ट मात्र सांगण्याजोगी आहे. १८९३ मध्यें लुई कोंत नांवाच्या पाळकानें सेंत-एत्येन या कोळशाच्या खाणींच्या शहरांतील गरीब व अशक्त मुलांस उन्हाळ्यांत डोंगराची हवा मिळावी म्हणून पठारावरील शेतकऱ्यांच्या घरीं ठेवण्याची योजना सुरू केली. पुढें छोटी आगगाडी आली, मुलांच्या मागून पाहुणे आले, आणि खानावळी व मुलांचीं वसतिगृहें निघालीं. परक्याचें मूल घरांत चार महिने ठेवून घेणें, त्यास आपल्या ताटांतलें वाढणें, हें येथील गृहिणींच्या अंगवळणीं पडलें. महायुद्धाच्या काळीं गांवांत अनोळखी मुलें दिसलीं तरी त्यांत वावगें असें कांहीं दिसलें नाहीं, याचें एक कारण हें आहे.

अशा या गांवीं १९३४ मध्यें आंद्रे त्रोक्मे हे पाळक म्हणून आले. त्यांचा जन्म १९०१ सालचा, उत्तर फ्रान्समधील सें-कांतें गांवचा. वडील फ्रेंच, आई जर्मन. पहिल्या महायुद्धांत त्यांचें गांव जर्मनांच्या ताब्यांत होतें. तेथें त्यांस एक जर्मन शिपाई भेटला, जो आपल्या ख्रिस्ती श्रद्धेमुळें हातीं शस्त्र धरीत नव्हता. शत्रूच्या गणवेषांतील त्या माणसानें या मुलाच्या मनावर जो संस्कार केला तो जन्मभर टिकला. पुढें न्यूयॉर्कला धर्मशास्त्राचें शिक्षण घेत असतां त्यांची माग्दा ग्रिली या फ्लॉरेन्सहून आलेल्या तरुणीशीं गांठ पडली व विवाह झाला. त्रोक्मे कट्टर युद्धविरोधी होते. त्या काळच्या फ्रेंच प्रॉटेस्टंट चर्चच्या वरिष्ठांस अशा मतांचा पाळक फारसा रुचत नसे. ल शांबोंच्या मंडळीनें मात्र त्यांस बोलाविलें.

१९३८ मध्यें त्यांनीं आपले मित्र एदुआर तेइस यांच्या साहाय्यानें गांवांत एक माध्यमिक शाळा काढली. तेइस हेही पाळक व युद्धविरोधी. त्यांस आठ मुली होत्या. या सेव्हनोल शाळेचा आरंभ अगदीं थोड्या विद्यार्थ्यांनिशीं झाला, पण निर्वासित मुलांमुळें आणि नोकरींतून काढलेल्या ज्यू शिक्षकांमुळें ती युद्धकाळांत भराभर वाढली. दुसरी एक साधी व्यवस्थाही त्रोक्मे यांनीं लावली होती. मंडळींतील तेरा तरुण कार्यकर्त्यांशीं ते ठराविक दिवसांनीं बायबलच्या एखाद्या उताऱ्यावर चर्चा करीत. मग हे कार्यकर्ते आपापल्या वाडींत जाऊन शेजाऱ्यांशीं तीच चर्चा करीत. हेतु केवळ धर्माभ्यासाचा होता. परंतु संकटाच्या वेळीं हीच तेरा माणसें निरोपाचीं साधनें झालीं. कोणत्या घरीं किती माणसें आहेत हें ज्याचें त्यास ठाऊक असे. सगळी यादी कोणापाशींच नव्हती, म्हणून ती कोणास सांगतांही येत नव्हती.

२२ जून १९४० रोजीं फ्रान्सनें जर्मनीशीं तहकुबीचा करार केला. उत्तरेकडे जर्मन फौज, दक्षिणेकडे विशी येथें मार्शल पेतां यांचें अंकित सरकार, अशी देशाची वांटणी झाली. दुसऱ्याच दिवशीं रविवार होता. ल शांबोंच्या मंदिरांत त्रोक्मे आणि तेइस यांनीं मंडळीपुढें आपलें म्हणणें मांडलें. त्याचा आशय असा होता कीं, सुवार्तेच्या विरुद्ध जाणारी आज्ञा आली तर ती पाळावयाची नाहीं; विरोध करावयाचा तो भीतीवांचून, परंतु गर्वावांचून आणि द्वेषावांचूनही, आणि शस्त्रें वापरावयाचीं तीं आत्म्याचीं. शाळेंत सक्तीचें झेंडावंदन त्यांनीं होऊं दिलें नाहीं. पुढें १९४१ मध्यें मार्शलच्या गौरवासाठीं देशांतील सर्व चर्चांच्या घंटा वाजवाव्या असा हुकूम सुटला, तेव्हां ल शांबोंची घंटा वाजली नाहीं. घंटा वाजविणाऱ्या म्हाताऱ्या बाईस कोणी जाब विचारला असतां, घंटा मार्शलची नसून देवाची आहे असें तिनें सांगितल्याचें सांगतात.

हे सारे विरोध लहान होते, आणि त्यांत जीवावरचें असें कांहीं नव्हतें. खरी कसोटी १९४० च्या अखेरच्या हिंवाळ्यांत दार ठोठावून आली. पाळकाच्या घराबाहेर बर्फानें माखलेली एक जर्मन ज्यू स्त्री उभी होती. माग्दाबाईंनीं तिला आंत घेतलें, शेकोटीजवळ बसविलें, जेवूं घातलें आणि तिच्यासाठीं शिधापत्रिका मिळावी म्हणून त्या गांवाच्या मेयरकडे गेल्या. मेयरनें नकार दिला. परदेशी ज्यू बाईसाठीं गांवास धोक्यांत घालूं नये, असें त्याचें म्हणणें होतें. या प्रसंगानें माग्दाबाईंना दोन गोष्टी कळल्या: सरकारच्या वाटेनें कांहीं होणार नाहीं, आणि जें करावयाचें तें बोलून दाखवावयाचें नाहीं. त्याच सुमारास त्रोक्मे मार्सेय शहरीं जाऊन तेथील अमेरिकन क्वेकर कार्यकर्त्यांस भेटले. दक्षिण फ्रान्समध्यें गुर्स, रिव्हसाल्त अशा छावण्यांतून हजारों परदेशी ज्यू चिखलांत व उपासमारींत पडले होते. मुलांना बाहेर काढण्याची परवानगी मिळे, पण तीं ठेवावयाचीं कोठें? क्वेकरांना असें एक गांव हवें होतें जें त्यांना ठेवून घेईल. मंडळीच्या पंचांनीं होकार दिला. क्वेकर, स्वित्झर्लंडची मुलांसाठींची मदतसंस्था आणि फ्रेंच प्रॉटेस्टंट तरुणांची सिमाद संस्था यांच्या पैशानें गांवांत एकामागून एक वसतिगृहें उघडलीं.

सरकारी परवानगीनें आलेल्या मुलांमागून परवानगीवांचून आलेलीं माणसें येऊं लागलीं. दुपारच्या आगगाडीनें उतरणाऱ्या अनोळखी माणसास पाळकाच्या घराची वाट कोणीही दाखवी. तेथून तो एखाद्या वसतिगृहांत किंवा दूरच्या शेतावर जाई. शेतकऱ्यास निरोप जाई कीं, 'जुन्या करारा'च्या तीन प्रती पाठवीत आहें. शेतकरी ओळखी कीं तीन ज्यू येत आहेत. ऑस्कर रोझोव्स्की नांवाचा एक ज्यू तरुण खोटीं ओळखपत्रें व शिधापत्रिका बनवी आणि त्याचें सामान शेतावरच्या मधमाश्यांच्या पेट्यांत दडवून ठेवी. पोलिस येत आहेत असें कळलें कीं माणसें जंगलांत जात आणि घरांतल्या मंडळींचा इशारा मिळाला कीं परत येत. कांहींना वाटाड्यांच्या हातीं देऊन स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपार नेण्यांत येई. आश्रयाच्या मोबदल्यांत कोणास बाप्तिस्मा घ्यावा लागला नाहीं. ज्यूंनीं आपले सण पाळावेत यास हरकत नव्हती. बायबल तोंडपाठ असलेल्या या शेतकऱ्यांस ज्यू म्हणजे अब्राहाम आणि मोशे यांचीं माणसें वाटत, आणि त्यांपैकीं कोणी आपल्या चुलीजवळ येऊन बसला याचें त्यांस कौतुकही वाटे.

या कामानें पाळकांच्या मनास जी टोंचणी लावली ती येथें सांगितली पाहिजे. खोटीं कागदपत्रें म्हणजे असत्य, आणि असत्य बोलूं नये असें ज्यांनीं व्यासपीठावरून शिकविलें त्यांसच तीं वापरावीं लागत. मुलांच्या देखत खोटीं नांवें घ्यावीं लागत. त्यांनीं हा दोष नाकारला नाहीं. जीव वांचविण्यासाठीं तो त्यांनीं आपल्या अंगावर घेतला आणि त्याचें ओझें वागविलें.

१९४२ च्या जुलई महिन्यांत पॅरिसमध्यें दोन दिवसांत सुमारें १३,००० ज्यू पकडले गेले. त्यांत चार हजारांवर मुलें होतीं. तीनच आठवड्यांनीं, १० ऑगस्ट रोजीं, विशी सरकारचे युवकखात्याचे प्रमुख लामिरां हे ल शांबोंस भेट देण्यास आले. स्वागत थंड झालें. ना पताका, ना जयघोष. समारंभानंतर सेव्हनोल शाळेच्या कांहीं मोठ्या विद्यार्थ्यांनीं त्यांच्या हातीं एक पत्र दिलें. पॅरिसमध्यें काय घडलें तें आम्हांस समजलें आहे. आमच्यांत ज्यू विद्यार्थी आहेत. आम्ही ज्यू आणि इतर असा भेद मानीत नाहीं. त्यांना घेऊन जाण्याची आज्ञा झाली तर ते आज्ञा मोडतील आणि आम्ही त्यांस लपवूं, असा त्या पत्राचा मतलब होता. मंत्र्यांच्या हातीं दिलेलें हें पत्र म्हणजे सरकारास आगाऊ दिलेली नोटीसच होती.

पंधरवड्यांत पोलिस आले. मोकळ्या बसगाड्या चौकांत उभ्या राहिल्या. त्रोक्मे यांजकडे ज्यूंची यादी मागितली गेली. त्यांनीं सांगितलें कीं, नांवें ठाऊक नाहींत आणि असतीं तरी दिलीं नसतीं; हीं माणसें संरक्षणासाठीं आलीं आहेत आणि पाळकाचें काम कळप राखण्याचें आहे. मुदत संपली तरी कोणी हजर झालें नाहीं. बायबलांतल्या नियमशास्त्रांत आश्रयाच्या नगरांची व्यवस्था सांगितली आहे. पळून आलेल्या माणसाचें निर्दोष रक्त भूमीवर सांडूं नये म्हणून हीं नगरें राखावयाचीं असत. या उताऱ्यावर त्रोक्मे यांनीं मंडळीपुढें विवेचन केलें होतें. आतां तें प्रत्यक्ष करून दाखविण्याची वेळ आली. झडत्या सुमारें तीन आठवडे चालल्या. माळे ठोकून पाहिले, कपाटें उघडलीं; पण बसगाड्या जवळजवळ रिकाम्याच परतल्या. पोलिसांतही माणसें होतीं. कोणी निनांवी दूरध्वनि करून आगाऊ सूचना देई, तर कोणी खानावळींत बसून उद्यां कोठें जावयाचें आहे हें मुद्दाम मोठ्यानें बोले.

१३ फेब्रुवारी १९४३ रोजीं संध्याकाळीं त्रोक्मे, तेइस आणि सरकारी शाळेचे मुख्याध्यापक रोजे दार्सिसाक यांस अटक झाली. पोलिस पाळकाच्या घरीं आले तेव्हां जेवणाची वेळ झाली होती; माग्दाबाईंनीं त्यांसही पानावर बसविलें. पुढें लोकांनीं त्याविषयीं आश्चर्य दाखविलें, तेव्हां जेवणाच्या वेळीं आलेल्यांस जेवूं घालणें यांत विशेष तें काय, असेंच त्यांचें उत्तर असे. बातमी पसरली आणि गांवकरी एकेक वस्तु घेऊन येऊं लागले: मेणबत्ती, सार्डिन माशांचा डबा, साबण. युद्धाच्या टंचाईंत या चिजा सोन्याच्या मोलाच्या होत्या. शौचाच्या कागदाची एक गुंडाळीही कोणी दिली. छावणींत ती उलगडली तेव्हां तिच्यावर पेन्सिलीनें बायबलमधील धीराचीं वचनें लिहिलेलीं आढळलीं. रस्त्याच्या दुतर्फा उभे राहून लोकांनीं ल्यूथरचें प्रसिद्ध स्तोत्र म्हटलें. लिमोझजवळच्या छावणींत एक महिना गेल्यावर मार्शलच्या आज्ञा पाळण्याच्या प्रतिज्ञेवर सही करा आणि सुटा, असें तिघांस सांगण्यांत आलें. दोन्ही पाळकांनीं सही केली नाहीं. तरीही थोड्याच अवकाशांत त्यांस सोडून देण्यांत आलें. त्याच वर्षीं जिवाचा धोका वाढल्यामुळें त्रोक्मे यांस गांव सोडून लपून राहावें लागलें. आतां लपविणाराच लपणारा झाला. पण पाळक गांवांत नसतांही काम थांबलें नाहीं, आणि तें एका माणसाचें नव्हतें हें त्यावरून दिसून आलें.

सर्वांस वांचवितां आलें नाहीं. २९ जून १९४३ रोजीं पहाटे गेस्टापोनें 'मेझों दे रोश' या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहावर धाड घातली. त्रोक्मे यांचे तिशींतले नातलग दानिएल त्रोक्मे हे त्याचे व्यवस्थापक होते. त्या वेळीं ते मुलांच्या दुसऱ्या वसतिगृहांत होते आणि त्यांस पळून जातां आलें असतें. ते आपल्या विद्यार्थ्यांजवळ गेले. त्यांना आणि अठरा विद्यार्थ्यांना नेण्यांत आलें. एक स्पॅनिश विद्यार्थी तेवढा वांचला. नदींत बुडणाऱ्या एका जर्मन शिपायास त्यानें पूर्वीं बाहेर काढलें होतें आणि माग्दाबाईंनीं गांवांत राहणाऱ्या जर्मनांकडे धांव घेऊन त्याची साक्ष मिळविली. नेलेल्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येक परत आले नाहींत. दानिएल यांचा १९४४ च्या एप्रिलमध्यें पोलंडांतील मायदानेक छावणींत अंत झाला. गांवचे डॉक्टर रोजे ल फोरेस्त्ये हे पूर्वीं आफ्रिकेंत अल्बर्ट श्वाइट्झर यांच्या इस्पितळांत काम केलेले गृहस्थ. त्यांस फ्रान्सच्या मुक्ततेच्या अगदीं तोंडावर, २० ऑगस्ट १९४४ रोजीं, लिओं शहराजवळ इतर कैद्यांबरोबर गोळ्या घालण्यांत आल्या.

इतिहासाचा हिशेब प्रामाणिक असावा लागतो, म्हणून आणखी कांहीं गोष्टी सांगणें जरूर आहे. हें काम ल शांबोंनें एकट्यानें केलें नाहीं. माझे-सें-व्होआ, तांस, फे अशा आसपासच्या गांवांतील मंडळ्या, प्लिमथ ब्रदरन पंथाचे अबोल शेतकरी, कांहीं कॅथोलिक कुटुंबें, परधर्माचे आणि कोणताच धर्म न मानणारे लोक, ज्यूंच्या स्वतःच्या मदतसंस्था, या सर्वांचा त्यांत वांटा आहे. पठारावर शस्त्रधारी प्रतिकारही झाला आणि मंडळींतले कांहीं तरुण त्यांत सामील झाले. संख्येविषयींही मतभेद आहेत. पांच हजार निर्वासित आणि त्यांत साडेतीन हजार ज्यू, असा आकडा पुष्कळदां दिला जातो. कित्येक इतिहासकार तो बराच कमी धरतात. परंतु कमीत कमी आकडा घेतला तरी या वस्तीच्या मानानें तो लहान ठरत नाहीं. याच काळांत 'प्लेग' ही कादंबरी लिहीत असलेले आल्बेर काम्यू क्षयाच्या आजारासाठीं हवापालट म्हणून जवळच्याच पानेलिये वाडींत राहत होते, आणि बरे होत असलेले जर्मन शिपाई गांवांतल्याच एका हॉटेलांत मुक्कामास होते. इतक्या डोळ्यांदेखत हें घडलें. अनेकांस ठाऊक होतें, आणि अनेकांनीं तोंड उघडलें नाहीं.

युद्धानंतर गांव पुन्हां आपल्या शेतीकडे वळलें. केल्याचा डंका कोणी वाजविला नाहीं. पुढें संशोधक व चित्रपट घेणारे लोक प्रश्न विचारीत आले, तेव्हां म्हाताऱ्या शेतकरणींस ते प्रश्नच चमत्कारिक वाटत. दारीं आलेल्यास आंत घेतलें, यांत समजावून सांगण्यासारखें काय आहे, असें त्या म्हणत. फिलिप हॅली यांचा या गांवावरील इंग्रजी ग्रंथ १९७९ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि याच गांवीं युद्धकाळांत जन्मलेले ज्यू चित्रपटकार प्येर सोव्हाज यांनीं पुढें त्यावर चित्रपट काढला. १९७९ च्या उन्हाळ्यांत, जे येथें वांचले होते त्यांनीं मंदिरासमोर कृतज्ञतेचा फलक बसविला. आंद्रे त्रोक्मे यांस १९७१ मध्यें इस्राएलच्या याद व्हाशेम संस्थेनें गौरविलें आणि त्याच वर्षीं ते जिनीव्हांत वारले. १९९० मध्यें त्याच संस्थेनें ल शांबों आणि भोंवतालच्या गांवांतील सर्व रहिवाशांचा एकत्र सन्मान केला. २०१३ मध्यें मंदिरासमोरच एक स्मृतिसंग्रहालय उघडलें. त्रोक्मे व तेइस यांनीं काढलेली शाळा मात्र २०१४ मध्यें बंद पडली. तिच्या इमारतींपेक्षां तिचें पत्र अधिक काळ टिकेल.

डिसेंबर २०२० मध्यें लिओंकडील एक नव्वदीचे गृहस्थ वारले. ते मूळचे ऑस्ट्रियांतील ज्यू; १९४३ मध्यें आपल्या कुटुंबाबरोबर ल शांबोंस आले होते आणि तेथील शाळेंत शिकले होते. त्यांचें मृत्युपत्र उघडलें तेव्हां त्यांनीं सुमारें वीस लाख यूरोंची मालमत्ता त्या गांवास ठेवल्याचें आढळलें. ती शाळांवर व तरुणांच्या शिक्षणावर खर्च व्हावी अशी त्यांची इच्छा होती. गांवांतील बहुतेकांस त्यांचें नांवही आठवत नव्हतें. ज्या गांवानें आश्रय देतांना नांव विचारलें नाहीं आणि विचारलें तेव्हां तें लिहून ठेविलें नाहीं, त्यास तें आठवावें तरी कसें?